मानेबरोबर फिरणारा आकाशातील डोळा



ड्रोन हा शब्द आता आपल्या वाशीम जिल्ह्यात नवा राहिलेला नाही. गावठाणांच्या मोजणीसाठी महाराष्ट्रात त्याचा उपयोग झाला. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी नावाचे गाव आहे, तेथे या मोजणीचा आरंभीचा प्रयोग झाला; पुढे २४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेच्या नावाने हे काम देशातील काही राज्यांत सुरू झाले. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली आणि महिलांच्या पंधरा हजार बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे ठरले. सोयाबीनवर औषध मारीत जाणारे ते घोंघावणारे यंत्र तुमच्यापैकी काहींनी प्रत्यक्ष पाहिले असेल, बाकीच्यांनी निदान चित्रात तरी पाहिलेच असेल.

परंतु आज मला त्याविषयी बोलायचे नाही. फवारणीचा ड्रोन म्हणजे तिफणीला जुंपलेला शहाणा बैल. आखून दिलेल्या तासाने जातो आणि तासानेच परत येतो. मला सांगायचे आहे ते निराळ्या उड्डाणाविषयी. थर्माकोलचे एक हलके विमान असते, त्याच्या नाकावर बोटाच्या पेराएवढा कॅमेरा बसवलेला असतो, आणि उडवणारा माणूस खाली जमिनीवर खुर्चीत बसलेला असतो. त्याच्या डोळ्यांवर पेटीसारखा जाड चष्मा असतो. त्या चष्म्यात काचा नसून लहान पडदे असतात, आणि विमानावरचा कॅमेरा जे पाहतो ते बिनतारी लहरींवरून येऊन त्या पडद्यांवर उमटते. म्हणजे माणूस वावरात बसलेला, पण त्याची दृष्टी विमानाच्या नाकावर. इंग्रजीतल्या तीन अक्षरांवरून याला एफपीव्ही म्हणतात. आपण वैमानिकाच्या नजरेचे उड्डाण म्हणू.

यात एक अडचण आहे. कॅमेरा विमानाला पक्का बसवलेला असला तर विमानाचे नाक जिकडे, तिकडेच दृष्टी. घाण्याच्या बैलाला झापड बांधतात ना, तसे होते. उजवीकडे काय आहे हे पाहायचे तर सगळे विमान उजवीकडे वळवावे लागते. आता बंडी हाकणाऱ्या माणसाचा विचार करा. बैल आपल्या वाटेने सरळ चाललेले असतात आणि हाकणारा मान वळवून शेजाऱ्याची तूर कशी आली आहे ते पाहतो. चालण्याची दिशा एक, पाहण्याची दिशा दुसरी. हे स्वातंत्र्य आकाशातल्या त्या डोळ्याला देणारे जे यंत्र, त्याचे नाव हेड ट्रॅकर. मी त्याला हेड ट्रॅकरच म्हणणार आहे. रेडिओला आपण रेडिओच म्हणतो, तसे. हे यंत्र चष्म्यावर चिकटवलेले असते. तुम्ही मान वळवली की ते ओळखते आणि बिनतारी संदेश पाठवते, आणि वर विमानातला कॅमेरा तितकाच वळतो.

बंडी हाकणारा शेजाऱ्याच्या तुरीकडे फार वेळ पाहत राहिला तर चाक धुऱ्यावर चढते, हेही तुम्हाला ठाऊक आहे. त्या धुऱ्याविषयी मला पुढे बरेच बोलायचे आहे.

ही कल्पना आजची नाही. १९६१ साली अमेरिकेत फिल्को कंपनीच्या दोन अभियंत्यांनी डोक्यावर चढवायचा एक पडदा तयार केला होता. माणूस एका खोलीत, कॅमेरा दुसऱ्या ठिकाणी, आणि माणसाने मान वळवली की तो दूरचा कॅमेरा वळे. मानेची दिशा ओळखण्यासाठी त्यांनी चुंबकीय क्षेत्राचा उपयोग केला होता. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी केलेले डोक्यावरचे यंत्र इतके अवजड होते की ते छताला टांगावे लागे. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या अपाचे हेलिकॉप्टरांत सैनिक जिकडे मान वळवील तिकडे तोफ वळू लागली. म्हणजे दोन-तीन दशके ही विद्या प्रयोगशाळेत आणि लष्करातच राहिली. तिला आपल्यापर्यंत आणले ते मोबाइलने. पडदा उभा धरला की चित्र उभे, आडवा धरला की आडवे, यासाठी फोनमध्ये हालचाल ओळखणारे चिमुकले कण बसू लागले. २०१० पासून त्यांत गतिमापकाचीही भर पडली, कोट्यवधींनी ते तयार होऊ लागले, आणि एकेकाळी विमानात बसवण्याचा जो भाग होता तो आज बाजारात दोनशे रुपयांच्या आसपास मिळतो. लष्कराने जपलेली वस्तू खेळण्याच्या मागणीने स्वस्त झाली, हा इतिहास मला तरी मोठा गमतीचा वाटतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता जो भाग येतो तो तुमच्या वर्गात नेण्यासारखा आहे. मानेच्या हालचाली तीन. ‘हो’ म्हणताना मान वरखाली होते. ‘नाही’ म्हणताना ती डावी-उजवीकडे फिरते. आणि कान खांद्याला लावायला गेलो की ती कलते. कॅमेऱ्याला पहिल्या दोनच पुरतात. तेव्हा प्रश्न एवढाच की मान किती अंश वळली हे एका कणाने ओळखायचे कसे?

पहिला उपाय म्हणजे गतिमापक, इंग्रजीत ज्याला जायरोस्कोप म्हणतात. मान दर सेकंदाला किती अंश फिरते आहे एवढेच तो सांगतो. एकूण किती फिरली हे आपण बेरीज करून काढायचे. दर सेकंदाला ३० अंश या वेगाने दोन सेकंद फिरली, म्हणजे ६० अंश झाले. हा गतिमापक फार चपळ असतो, पण त्याच्यात एक खोड आहे. मान पूर्ण स्थिर असली तरी तो अगदी शून्य दाखवीत नाही. समजा, तो सेकंदाला अंशाचा दहावा भाग चुकतो. ही चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण दहा मिनिटांत सेकंद होतात सहाशे, आणि सहाशे वेळा दशांश एक म्हणजे साठ अंश. माणूस सरळ समोर पाहतो आहे आणि वर कॅमेरा गुपचूप साठ अंश बाजूला सरकलेला! मुलांना हे समजावायचे असेल तर एकाचे डोळे बांधून पटांगणात उभे करा आणि उजवीकडे पाव फेरी, डावीकडे अर्धी फेरी असे वीसेक हुकूम द्या. शेवटी त्याला शाळेच्या दाराकडे बोट दाखवायला सांगा. तो भलतीकडेच बोट दाखवील. प्रत्येक वळणात त्याची चूक थोडीच होती. ती साठत गेली.

या चुकीवर उतारा कोणता? गवंड्याचा ओळंबा. पृथ्वीची ओढ नेहमी खालीच असते, म्हणून ओळंबा कधी विसरत नाही. कणातला दुसरा भाग, त्वरणमापक, हा अशाच ओळंब्याचे काम करतो. मान किती वर आहे, किती खाली आहे, हे तो घटकाभराने विचारले तरी बिनचूक सांगतो. मात्र तो मंद आहे. ओळंब्याला धक्का लागला की तो झुलतो आणि थांबेपर्यंत भिंतीचा खरा अंदाज मिळत नाही. तसे मानेला झटका बसला की हाही क्षणभर खोटे बोलतो.

म्हणून दोघांना एकत्र आणतात. चपळ पण विसराळू असा एक साक्षीदार, आणि मंद पण इमानी असा दुसरा. दर सेकंदाला शंभर वेळा हिशेब करायचा. त्यात गतिमापकाच्या बेरजेला ९८ टक्के मान द्यायचा आणि ओळंब्याच्या सांगण्याला दोनच टक्के. दोन टक्के ऐकून तुम्हाला वाटेल, याचा काय उपयोग? गणित करून पहा. मघाचीच ती सेकंदाला दशांश अंशाची चूक घ्या. ती आता साठ अंशांपर्यंत वाढत नाही. अंशाच्या सुमारे विसाव्या भागावर येऊन थांबते, मग तुम्ही दहा मिनिटे बसा की दहा तास. दहावीच्या मुलांना हे त्रैराशिकाने नाही, पण कोष्टक मांडून सहज दाखवता येईल. शंभर ओळी भरायच्या आहेत, एवढेच. फळ्यावर एक दुपार जाईल, पण चूक वाढता वाढता थांबते कशी, हे मुले आपल्या हाताने पाहतील.

एवढ्याने काम संपत नाही. ओळंबा वरखाली सांगतो, पण गवंडी पूर्वेकडे तोंड करून उभा आहे की पश्चिमेकडे, हे ओळंब्याला कळत नाही. दोन्ही वेळी तो तसाच लोंबतो. म्हणजे ‘हो’ची चूक त्याने सुधारली, पण ‘नाही’ची चूक तशीच राहिली. तिच्यासाठी तिसरा साक्षीदार आणावा लागतो, तो म्हणजे होकायंत्र. चुंबकीय उत्तर ओळखणारा हा भागही आता त्याच कणाशेजारी मिळतो. पण होकायंत्र भलतेच लहरी असते. चष्म्यातला पंखा, बॅटरीच्या तारा, खिशातला फोन, डोक्यावरचे शाळेचे टिन, लोखंडी खुर्ची, या सर्वांकडे ते ओढले जाते. म्हणून चष्म्यावर बसवल्यानंतर, बाकीचे सगळे सामान जागच्या जागी ठेवून, चष्मा हातात धरून हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा सर्व बाजूंनी फिरवावा लागतो. जवळच्या लोखंडाचा परिणाम किती आहे हे त्यावरून यंत्र शिकते आणि तेवढा वजा करते. हे काम टिनाखाली करू नये, मोकळ्या मैदानात करावे. आणि खुर्ची प्लास्टिकची घ्यावी.

आता बांधणीकडे वळू. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणारा, सोल्डर मारण्याची सवय असलेला कोणीही हुशार मुलगा हे करू शकेल. आर्डुइनो नॅनो ३३ बीएलई नावाची एक पट्टी मिळते. लांबी ४५ मिलिमीटर, रुंदी १८, वजन सुमारे ५ ग्रॅम. आपले तिन्ही साक्षीदार तिच्यावरच बसलेले असतात आणि ब्लूटूथची बिनतारी सोयही तिच्यात असते. तिच्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर जगातल्या हौशी मंडळींनी लिहून खुले ठेवलेले आहे; ते संगणकावरून तारेने पट्टीत भरायचे. एक काळजी घ्या. या पट्टीच्या संदेशाच्या टोकांना ३.३ व्होल्टच सोसतात. जुन्या आर्डुइनोची सवय असलेले लोक पाच व्होल्टची तार लावतात आणि पट्टी जळते. विजेसाठी जे वेगळे टोक आहे, त्याला मात्र चष्म्याची दोन घटांची ७.४ व्होल्टची बॅटरी चालते. पट्टी दुहेरी चिकटपट्टीने चष्म्याच्या माथ्यावर घट्ट बसवावी. सैल बसली तर मान वळली एक आणि पट्टी हलली दुसरी, असे होईल. बरोबर एक लहान बटणही लावा. ते का, हे सांगतोच.

संदेश विमानापर्यंत जातो कसा, यात एक गोड गोष्ट आहे. विमान उडवायचा जो हातातला ट्रान्समीटर असतो, त्याच्या पाठीमागे एक खाच असते. तिला ट्रेनर पोर्ट म्हणतात. ती मुळात गुरु-शिष्यांसाठी केलेली आहे. शिकणाऱ्याच्या हातात एक ट्रान्समीटर, गुरुजींच्या हातात दुसरा, मध्ये तार. शिष्य चुकतो आहे असे दिसले की गुरुजी कळ सोडतात आणि विमान आपल्या ताब्यात घेतात. हेड ट्रॅकरवाल्यांनी या खाचेत शिष्याच्या जागी आपली मान बसवली! पण चष्म्यापासून हातापर्यंत तार आली की मान वळवताना ती ओढली जाते, बोटांत अडकते, आणि ऐन वेळी निसटते. म्हणून बिनतारी करण्याचा खटाटोप. काही ट्रान्समीटरांत ब्लूटूथ आतच असते. नसेल तर तशीच दुसरी पट्टी खाचेला जोडावी लागते. दोघी आपसात बोलतात आणि तार जाते.

ती भाषाही सोपी आहे. प्रत्येक हालचालीसाठी एक विजेचा ठोका. ठोका १५०० मायक्रोसेकंद लांब असला की मधोमध, १००० असला की एका टोकाला, २००० असला की दुसऱ्या टोकाला. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. असे ठोके सेकंदाला ४५ ते ५० वेळा जातात. विमानात कॅमेऱ्याखाली ९ ग्रॅम वजनाच्या दोन सर्वो मोटारी असतात, एक आडवी फिरवायला, एक वरखाली करायला. त्या ठोक्याची लांबी ओळखून वळतात. साठ अंश वळायला अशा मोटारीला साधारण सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणून मान सावकाश वळवण्याची सवय लावून घ्यावी. झटक्याने वळवली तर चित्र मागाहून येते आणि काही जणांना अक्षरशः घाटातल्या बसमध्ये बसल्यासारखे मळमळते.

यातला सर्वात महत्त्वाचा नियम असा की ट्रान्समीटरमध्ये मानेला फक्त कॅमेऱ्याच्या दोन वाहिन्या द्याव्यात, म्हणजे सातवी आणि आठवी किंवा ज्या मोकळ्या असतील त्या. विमानाचे सुकाणू आणि इंजिन यांवर मानेचा हक्क असता कामा नये. मग बिनतारी जोड मध्येच तुटली तरी विमान तुमच्या बोटांच्या ताब्यातच राहते. हे खरे आहे की नाही ते जमिनीवर तपासा. पंखा काढून ठेवा, सर्व चालू करा, आणि एकाने मुद्दाम पट्टीची वीज तोडावी. कॅमेरा मध्यावर येतो का? सुकाणू बोटाबरोबर हलते का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ येईपर्यंत विमान हातातून सोडू नये.

आता त्या धुऱ्याकडे येऊ. कॅमेरा थोडा जरी सरकलेला असला तर वैमानिकाला वाटते आपण समोर पाहतो आहोत, आणि विमान जात असते तिरके, डीपीच्या तारांकडे. मानेबरोबर डोळा फिरू लागला की ‘समोर’ म्हणजे कोणते, हाच प्रश्न उभा राहतो. चष्म्यात विमानाचे नाक किंवा पंखाची कड दिसेल असा कॅमेरा बसवणे हा जुन्या उडवणाऱ्यांचा उपाय फार चांगला आहे. नाक दिसले म्हणजे खात्री पटते. आणि मघाचे बटण त्यासाठीच आहे. मान सरळ धरून ते दाबले की यंत्र समजते, हाच मध्य. उडण्यापूर्वी दाबावे, वर गेल्यावर दर दोन-तीन मिनिटांनी दाबावे. दाबताना मान खरोखर सरळ आहे ना, हे मात्र तुम्हीच पाहायचे. खुर्चीतल्या खुर्चीत अंग वळवू नका. अंग वळले तरी यंत्राला ती मानच वाटते. उतरवताना ट्रान्समीटरवरच्या एका कळीने हेड ट्रॅकर बंद करून कॅमेरा समोर रोखून टाकावा. उतरताना इकडेतिकडे पाहण्यासारखे काही नसते.

उभे राहून हा चष्मा लावू नका. आकाशात विमान कलले की तुमचेही अंग नकळत कलते, आणि माणूस उताणा पडतो. दुसरे, चष्मा काढून ठेवताना भिंगे वर करून उन्हात ठेवू नका. भिंगाने कागद जाळतात ना, तसे ते ऊन आतल्या पडद्यावर एकवटते आणि पडदा कायमचा भाजतो. आपल्याकडच्या उन्हात याला मिनिटेही लागत नाहीत. बॅटऱ्याही मे महिन्याच्या उन्हात गाडीत ठेवू नयेत.

चष्मा लावलेला माणूस आंधळा असतो, हे कधी विसरू नये. त्याला विमानातून दिसते ते सगळे दिसते, पण आपल्या पायाशी आलेला साप दिसत नाही, मागून पळत येणारे पोर दिसत नाही, आणि विमानावर झेपावणारी घार तर अगदी शेवटी दिसते. म्हणून शेजारी दुसरा माणूस हवाच. त्याने चष्मा लावायचा नाही, फोन पाहायचा नाही, विमानावरची नजर हटवायची नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये चष्मा लावून उडवणाऱ्याजवळ असा निरीक्षक असावाच लागतो. विमानही त्याला साध्या डोळ्यांनी दिसेल एवढ्याच अंतरात ठेवावे. शाळेत हे काम चालले तर मी म्हणेन, उडवण्यासाठी सगळे धावतात, पण निरीक्षकाचे काम वर्गातल्या सर्वात शांत मुलाला किंवा मुलीला द्या, आणि ‘उतरव’ असे तिने म्हटले की वाद न घालता उतरवायचे, हा करार आधीच करा.

कायद्याचीही थोडी ओळख हवी. भारताचे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी आले. त्यांत २५० ग्रॅमपर्यंतचे यान नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंतचे मायक्रो. नॅनोला आणि व्यवसायासाठी नसलेल्या मायक्रोला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. नकाशात हिरव्या रंगाने दाखवलेल्या भागात ४०० फुटांपर्यंत उडता येते. पिवळा आणि तांबडा भाग असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. सरकारी संकेतस्थळावरचा तो नकाशा आणि नोंदणीचे नियम उडवण्याच्या दिवशी पुन्हा पहावेत, कारण ते बदलत असतात. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी सरकारने तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, पण सुट्या भागांना मोकळीक ठेवली. म्हणजे विकत आणणाऱ्यापेक्षा हाताने जुळवणाऱ्याची सोय झाली, असे म्हणायला हरकत नाही. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यावरून, समृद्धी महामार्गावरून, जत्रेतल्या गर्दीवरून उडवण्याचा मोह धरू नका. आणि कोणाच्या अंगणावरून तर नाहीच. हेड ट्रॅकरवाल्याला मान वळवून बाजूला पाहता येते, हे आता तुम्ही ऐकलेच आहे. तेव्हा आयाबहिणींनी हरकत घेतली तर ती रास्त आहे. ज्याच्या वावरावरून जायचे, त्याला आधी विचारावे.

एवढे ऐकल्यावर रिसोडकडचा एखादा शेतकरी म्हणेल, “गुरुजी, हे इमान उडवून आमच्या वावरातलं तन थोडंच निघनार हाये?” नाही निघणार, दादा. त्यात मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. या चष्म्यातले चित्र पुष्कळदा पुसट असते. त्यावरून पानावरचा रोग ओळखायला जाल तर फसाल. पाणी कुठे साचले आहे, कोणता पट्टा पिवळा पडला आहे, धुरा कुठे फुटला आहे, एवढे दिसते. फवारणीच्या ड्रोनला तर या हेड ट्रॅकरची गरजच नाही. शर्यतीच्या चपळ ड्रोनलाही नाही. त्यात कॅमेरा पक्का असलेलाच बरा. हे यंत्र खरे शोभते ते सावकाश तरंगणाऱ्या विमानाला.

पण एक उपयोग मला आकाशापेक्षा पाताळातला अधिक मोलाचा वाटतो. जुन्या विहिरीचा गाळ काढायला, मोटर पाहायला माणूस उतरतो आणि आतल्या विषारी वायूने गुदमरतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. अशा बातम्या आपण उन्हाळ्यात वाचतो. तोच कॅमेरा, त्याच दोन मोटारी, एक दिवा, हे सारे दोराला बांधून विहिरीत सोडा. वर काठापासून दूर खुर्चीत बसलेला माणूस मान वळवील तिकडे विहिरीची बाजू दिसेल; कुठे दगड सुटला आहे, झरा कुठून येतो, मोटर कशात अडकली आहे, सारे न उतरता पाहता येईल. मात्र कॅमेऱ्याला सर्व स्वच्छ दिसले म्हणून कोणी आत उतरू नये. वायू डोळ्याला दिसत नाही, मग तो डोळा आपला असो की यंत्राचा.

म्हणून माझी सूचना अशी की शाळेने पहिले काही महिने विमानाचे नावच घेऊ नये. हेड ट्रॅकर बांधा, दोन सर्वो मोटारी टेबलावर बसवा, आणि कॅमेऱ्याच्या जागी पुठ्ठ्याचा एक बाण लावा. खाली कागदावर अंशांचे वर्तुळ काढा. एकाने चष्मा घालून मान सरळ ठेवून बसावे, बटण दाबावे, आणि बाणाने शून्य दाखवावे. मग तो हवा तसा मान फिरवो. दहा मिनिटांनी पुन्हा सरळ पाहायला सांगा आणि बाण शून्यापासून किती सरकला ते मोजा. खुर्ची लोखंडी घेऊन एकदा, प्लास्टिकची घेऊन एकदा, टिनाखाली एकदा आणि झाडाखाली एकदा, असे करून पहा. वहीत तारीख घाला, जागा लिहा आणि अंश लिहा. हा आकडा आठवडाभर रोज दोन-तीन अंशांच्या आत येऊ लागला, आणि मधेच वीज तोडली तरी बाण मध्यावर परत येऊ लागला, की दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघून गेलेल्या मोकळ्या वावरात, वारा पडलेल्या सकाळी, विमान घेऊन जायला हरकत नाही.